मे महिन्यात फिरवलेला स्क्रू

हिंगणघाटची ओळख सांगताना लोक आधी कापूस सांगतात, मग ऊन. थंडीचं नाव कोणी काढत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत दिवस उगवायच्या आधी, कापसाच्या गाड्या मार्केट यार्डाकडे निघायच्या वेळेला, कुठल्याही वस्तीत कान देऊन पाहा. किक, किक, किक. मग थोडी शांतता. पुन्हा किक. शेजारचा ओट्यावरून विचारतो, "काहून, चालू नाई होऊन राह्यली का?" आणि उत्तराची वाट न पाहता सल्ला देतो, "चोक ओढ ना भाऊ." चोक ओढलेलाच असतो. गाडी एकदा फुरफुरते आणि गप्प बसते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकं लागू झाली. नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. शोरूममधून तो गेला म्हणून रस्त्यावरून गेला असं मात्र होत नाही. १९८५ साली आलेली सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, २००१ ची पल्सर, त्यांच्या पुढच्या सगळ्या आवृत्त्या, शिवाय प्लॅटिना आणि टीव्हीएसच्या मोपेड अशा गाड्या हिंगणघाट तालुक्यातल्या गावोगावी अजून दूध, भाजी, फवारणीचे पंप आणि माणसं वाहताहेत. हे प्रकरण त्या गाड्यांचं आहे.

आधी हवामानाचा हिशेब. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्याचं आता कोणाला नवल वाटत नाही. हिवाळ्यात हाच पारा पहाटे दहाच्या आसपास उतरतो. थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली जातो. २९ डिसेंबर २०१८ ला इथून पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. मुंबईतल्या गाडीला वर्षभरात जेवढा फरक सोसावा लागतो त्याच्या कितीतरी पट फरक इथल्या गाडीच्या वाट्याला येतो. आणि तो सोसायचा कसा, तर एकाच स्क्रूवर, बहुतेक वेळा मे महिन्यात कोणीतरी फिरवून ठेवलेल्या.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटलाच वारला. त्याच्या सर्वेक्षणात जमिनीवरची पायारेषा पोलादी साखळीने मोजत. ऊन वाढलं की साखळी लांबते, म्हणून मोजणी चालू असताना तापमान टिपून ठेवायचं आणि त्याप्रमाणे लांबीचा आकडा दुरुस्त करायचा, असा शिरस्ता होता. तापमान बदललं की माप दुरुस्त करावं लागतं, हे सर्वेक्षणवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. दुचाकीच्या बाबतीत आपण ते सोयीस्करपणे विसरतो.

कार्बोरेटरचं तत्त्व साधं आहे. डासांवर मारायचा जुना फ्लिट पंप आठवा. दांडा रेटला की हवा नळीच्या तोंडावरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि डबीतलं औषध वर चढून फवाऱ्यासारखं उडतं. कार्बोरेटरमध्ये दांडा रेटायचं काम इंजिनाचा पिस्टन करतो. तो खाली जाताना हवा ओढतो. ही हवा मध्ये अरुंद केलेल्या गळ्यातून जाते, तिथे वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येतं. वाटीतली पातळी सांभाळायला फ्लोट असतो. पातळी भरली की फ्लोट वर येऊन सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. फ्लोट आणि फवारा यांची ही जोडी १८९३ च्या सुमाराला जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या दोघांनी जमवली. स्प्लेंडरच्या कार्बोरेटरमध्ये मुळात तेच आहे.

अडचण थंडीत येते, कारण पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही. त्याची वाफ पेटते. पेट्रोल म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. त्यातला काही भाग ३५ अंशांच्या आसपास उकळतो, तर काही २०० अंशांपर्यंत दम धरतो. इंजिन तापलेलं असलं की सगळ्याचीच वाफ होते. पहाटे दहा अंशांना मात्र फक्त हलका भाग उडतो आणि उरलेलं पेट्रोल थेंब होऊन इनटेकच्या थंडगार भिंतीला चिकटतं. जेटमधून बाहेर पडलेलं पेट्रोल एक आणि सिलिंडरमध्ये वाफ होऊन पोचलेलं पेट्रोल दुसरंच. ठिणगी पडते तेव्हा तिथे जळण्याजोगं फारसं काही नसतं. इंजिन तापलेलं असताना वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे पूर्ण जळणाचं प्रमाण. थंड इंजिन उठवायला कार्बोरेटरला तीन ते पाच भाग हवेमागे एक भाग इतकं दाट मिश्रण सोडावं लागतं, तेव्हा कुठे त्यातल्या हलक्या भागाच्या जोरावर पहिला स्फोट होतो. हे जादाचं पेट्रोल मिळवून देण्याची तात्पुरती सोय म्हणजे चोक.

ही सोय दोन तऱ्हांनी केलेली असते. गाडी कोणत्या तऱ्हेची आहे हे माहीत नसेल तर चोक कितीही ओढा, अर्धा उपयोग वाया जातो.

पहिली तऱ्हा झडपेची. स्प्लेंडरच्या घराण्यात कार्बोरेटरच्या अंगालाच एक छोटी दांडी असते. ती फिरवली की हवेच्या तोंडावर गोल पत्रा आडवा येतो. हवेची वाट अडते, इंजिनाची ओढ तेवढीच राहते, त्यामुळे आत दाब फार घटतो आणि प्रत्येक जेटमधून पेट्रोल भसाभस येतं. इथे रेस किंचित दिली तरी बिघडत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत झडप नसतेच. कार्बोरेटरच्या कडेला एक वेगळी बारीक वाट असते आणि तिच्या तोंडावर एक दट्ट्या बसलेला असतो. केबलने किंवा खटक्याने तो दट्ट्या उचलला की जादा पेट्रोल त्या वाटेने येतं. ही वाट चालते ती बंद थ्रॉटलच्या मागे साचलेल्या ओढीवर. रेस दिली की ओढ गेली, ओढ गेली की वाट गप्प. सकाळी वैतागून चोकही ओढायचा आणि पिळून पिळून रेसही द्यायची, हे या तऱ्हेच्या गाडीत स्वतःच्या हाताने चोक बंद करण्यासारखं आहे. किकवर किक मारणाऱ्या निम्म्या लोकांना याच एका सवयीने दमवलेलं असतं, असं माझं मत आहे. मूठ सोडा, मग किक मारा.

बजाजच्या टू-स्ट्रोक स्कूटरची आठवण इथे निघणारच. स्कूटर कडेवर आडवी करायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करून किक मारायची. साऱ्या महाराष्ट्राने केलेला हा विधी अंधश्रद्धा नव्हता. गाडी आडवी झाली की वाटीतली पातळी सरकते, फ्लोटची सुई जागेवरून हलते आणि टाकीतलं पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त वाटीत येऊन गळ्यात उतरतं. चोकचंच काम, फक्त अंदाजाने. अमाल कार्बोरेटरच्या जुन्या बुलेटला तर यासाठी एक बटणच असे. ते दाबून फ्लोट खाली रेटायचा आणि बाहेर पेट्रोल ओघळलं की समजायचं, झालं. अंदाज जरा जास्त झाला की प्लग ओला, आणि मग पुढचा अर्धा तास प्लगपाना शोधण्यात.

आता मूळ दुखण्याकडे वळू. चोक व्यवस्थित असूनही गाडी का उठत नाही?

४५ अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा साधारण १२ टक्के घट्ट असते. म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये १२ टक्के जास्त हवा शिरते. पेट्रोल मात्र त्याच प्रमाणात वाढत नाही. जेटमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, त्यामुळे पेट्रोलची वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच थांबते. ढोबळ हिशेबाने, मे महिन्यात अचूक लावलेला कार्बोरेटर जानेवारीत कोणी हात न लावताही सहाएक टक्के पातळ चालतो. सहा टक्के ही तशी क्षुल्लक गोष्ट. कंपनीच्या मापावर लावलेली गाडी एवढं सहज पचवते.

पण आपल्या गाड्या कंपनीच्या मापावर असतात कुठे? गिऱ्हाईक गॅरेजमध्ये पाय ठेवताच पहिला प्रश्न विचारतं तो अ‍ॅव्हरेजचा. "मिस्तरी, साठच देऊन राह्यली, सत्तरची करून द्या ना." मिस्त्री पेचकस घेतो आणि एअर स्क्रू अर्धा आटा बाहेर काढतो. हवा वाढते, पेट्रोल घटतं, गिऱ्हाईक खूश. रणरणत्या उन्हात इंजिन बंद करून तासाभराने किक मारली तरी पहिल्या किकेला उठते, कारण इंजिन आणि हवा दोन्ही तापलेलीच असतात. आधीच काठावर आणून ठेवलेलं मिश्रण डिसेंबरात आणखी सहा टक्के पातळ होतं आणि काठावरून खाली पडतं. मग गाडी चोकवर चालते, चोक काढला की मरते. लोक चोक काढतच नाहीत. चौक ओलांडेपर्यंत चोक, पेट्रोल पंपापर्यंत चोक. उन्हाळ्यात अ‍ॅव्हरेजच्या नावाने वाचवलेलं पेट्रोल असं हिवाळ्यात सायलेन्सरमधून परत जातं.

कापसाच्या गावात याला आणखी एक पदर आहे. जिनिंगच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर हंगामात उघडून पाहा. रुईचे तंतू आणि धूळ यांचा राखाडी थर त्यावर बसलेला असतो. हा थर म्हणजे कायमचा लागलेला चोकच. हवा अडते, मिश्रण दाट होतं. आता गंमत बघा. स्क्रूने मिश्रण पातळ केलेलं आणि फिल्टरने ते दाट केलेलं, या दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि गाडी कशीबशी चालत राहते. मग दिवाळीच्या सुमाराला मालक सर्व्हिसिंग करून घेतो. फिल्टर स्वच्छ होतो, झाकलेली चूक उघडी पडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उठत नाही. "चांगली चालत होती, सर्व्हिसिंगनं बिघडवली," हे वाक्य अशा वेळी ऐकू येतं. सर्व्हिसिंग बिचारी निर्दोष असते. फिल्टर साफ केला की स्क्रूही मुळच्या मापावर आणायचा, एवढंच राहून गेलेलं असतं.

भरीला आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला पूर्ण जळायला फक्त नऊ भाग हवा पुरते. मिश्रणाचं गणित त्यामुळे १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतं. जेट जुनंच राहिलं तर जुन्या गाडीला हे इंधन आपोआप पातळ पडतं. दुसरं म्हणजे इथेनॉलची वाफ व्हायला वजनागणिक पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते आणि ते ७८ अंशांना उकळतं. ही उष्णता ते भोवतालच्या हवेतून आणि धातूतून घेतं, म्हणजे आधीच गारठलेली इनटेकची नळी आणखी गारठते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर धुराड्यातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला नाक नाही. त्याच्यासाठी ते काम माणसानेच करायचं.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच उलटा होतो. सकाळी गाडी उठली नाही की माणूस तिथल्या तिथे, थंड इंजिनावर, स्क्रू फिरवायला घेतो. थंड इंजिनावर स्क्रू कधीच लावू नये. त्यावर जे मिश्रण बरं वाटतं ते तापल्यावर भयंकर दाट ठरतं.

आधी चोकच तपासा. झडपेची तऱ्हा असेल तर एअर फिल्टरकडची रबरी नळी काढून कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारून बघा. दांडी 'चालू' खुणेवर नेली की पत्र्याने तोंड पूर्ण झाकलं पाहिजे आणि 'बंद' वर नेली की तो हवेच्या वाटेला समांतर उभा राहिला पाहिजे. खटक्याची स्प्रिंग ढिली झालेल्या गाडीत खड्ड्याखड्ड्याला पत्रा आपोआप आडवा होत जातो आणि मालक पेट्रोल पंपवाल्याला शिव्या देतो. दट्ट्याची तऱ्हा असेल तर केबल बघा. चोक बंद असताना केबलमध्ये बोटाने हलवून जाणवेल इतका ढिलेपणा हवाच. केबल ताठ असेल तर दट्ट्या बुडाला टेकत नाही, जादाची वाट किलकिली उघडी राहते आणि प्लग काजळीने काळा पडतो. उलट केबल फारच ढिली असेल तर खटका ओढूनही दट्ट्या पुरता उचलत नाही. केबलच्या टोकाचा नट सैल करून, ताण बसवून, पुन्हा कसायचा. दहा मिनिटांचं काम. दट्ट्याच्या बुडाशी रबराची गादी असते. ती कडक होऊन चिरली असेल तर नुसती केबल लावून भागत नाही, दट्ट्या बदलावा लागतो.

मग पायलट जेट. रिकाम्या चालीचं पेट्रोल याच्यातूनच येतं आणि याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. उजेडाकडे धरून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसला पाहिजे. गोल दिसला नाही, कड खाल्लेली दिसली, तर आत मळ आहे. तो तारेने खरवडू नका. जेट पितळेचं असतं, तार पोलादाची, आणि भोक केसभर मोठं झालं की ते पुन्हा लहान होत नाही. कार्बोरेटर क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरते. वाटीच्या बुडाचा स्क्रू उघडून जुनं पेट्रोलही काढून टाका. पंधरवडाभर उभ्या असलेल्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल नाकाला वेगळंच लागतं. त्यातला हलका भाग उडून गेलेला असतो, आणि थंडीत पेटायला नेमका तोच हवा असतो. इथेनॉलने ओढून घेतलेलं पाणीही तळाशी इथेच सापडतं.

स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून तापवून घ्या. चोक बंद. हवेच्या, म्हणजे फिल्टरच्या, बाजूला असलेला स्क्रू आत फिरवला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होतं. इंजिनाच्या बाजूला असलेला स्क्रू आत फिरवला की पेट्रोल कमी होऊन मिश्रण पातळ होतं. दोन्हींची दिशा उलटी असते, हे न बघता फिरवणारे बरेच आहेत. स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा आणि टेकेपर्यंत किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवा. दाबून कसलात तर टोकदार सुई आपल्या बैठकीला खाच पाडते आणि मग कुठलंच माप लागत नाही. तिथून गाडीच्या पुस्तकात दिलेले आटे बाहेर काढा. गाडी चालू करून पाव-पाव आटा इकडेतिकडे फिरवत इंजिन सर्वात उंच आणि एकसारखं कुठे चालतं ते शोधा, मग स्लोचा स्क्रू ढिला करून चाल पुस्तकातल्या आकड्यावर आणा. शंभर सीसीच्या गाडीत तो मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. हिवाळ्यासाठी इथून दाटपणाकडे पाव आटा पुरतो. तेवढ्याने अ‍ॅव्हरेज कोसळत नाही.

इतकं सगळं करूनही गाडी उठली नाही तर कार्बोरेटरला मोकळं सोडा आणि प्लग, टॅपेट बघा. टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि थंड इंजिनात कॉम्प्रेशनच तयार होत नाही. ते दुखणं चोकने कधीच बरं होत नाही.

रोजच्या सकाळी मग फार काही उरत नाही. चावी बंद ठेवून, पूर्ण चोक लावून दोन-तीन किका मारा, म्हणजे गळ्यात पेट्रोल येतं. मग चावी चालू, मूठ सोडलेली, एक पूर्ण किक. गाडी उठली की अर्ध्या मिनिटात चोक अर्धा करा, आणखी मिनिटभरात पूर्ण काढा आणि हळू निघा. उभ्या गाडीत दहा मिनिटं रेस देत बसण्यापेक्षा चालती गाडी लवकर तापते. चोक लावून फिरत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर समजा हेच चाललंय. किका मारून मारून गाडी ओव्हरफ्लो झाली असेल तर उलटं करायचं: चोक बंद, मूठ पूर्ण पिळलेली, सात-आठ किका. मोकळी हवा आत शिरून जादाचं पेट्रोल बाहेर नेते. तरी नाही तर प्लग काढून पुसा, आणि तो निघालेलाच आहे तर त्याचा रंगही बघून घ्या. विटकरी असेल तर मिश्रण ठीक, कोरडा काळा असेल तर दाट, पांढुरका असेल तर पातळ.

होळी झाली की तो पाव आटा परत फिरवायचा. मार्चअखेर दुपारची हवा चाळिशीकडे सरकलेली असते आणि जानेवारीचं माप तेव्हा दाट पडतं. मिस्त्रीकडे गेलात तर त्याला अ‍ॅव्हरेज विचारू नका, स्क्रू किती आट्यांवर आहे ते विचारा आणि आरसी बुकाच्या प्लॅस्टिकमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा.